वाड्यांतलें नृत्य आणि वर्गांतलें नृत्य

दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रांतांत हेरेस दे ला फ्रोन्तेरा नांवाचें एक शहर आहे. भोंवतालच्या खडूसारख्या पांढऱ्या जमिनींत द्राक्षांचे मळे आहेत, आणि त्या द्राक्षांच्या मद्याला इंग्रजांनीं गांवाच्याच नांवावरून शेरी हें नांव दिलें. परंतु दरवर्षीं फेब्रुवारीच्या अखेरीस या शहरांत जे परदेशी पाहुणे उतरतात, त्यांतील पुष्कळांच्या हातांत मद्याची बाटली नसून एक कापडी पिशवी असते. आणि त्या पिशवींत चवड्याला व टांचेला खिळे ठोकलेले जोडे असतात. १९९७ सालीं सुरू झालेला हेरेसचा नृत्योत्सव सुमारें पंधरवडाभर चालतो. रात्रीं व्हियामार्ता नाट्यगृहांत नामांकित नर्तक-नर्तकींचे प्रयोग होतात, आणि दिवसा शहरांतील निरनिराळ्या दालनांत वर्ग भरतात. जपान, फ्रान्स, जर्मनी, अमेरिका अशा दूरदूरच्या देशांतून आलेले विद्यार्थी तेथें सकाळपासून लांकडी जमिनीवर पावलांचे आघात घोटीत असतात.

यांतली गंमत अशी कीं, हे विद्यार्थी जें शिकण्यासाठीं समुद्र ओलांडून येतात, तें हेरेसमधील सान्तियागो व सान मिगेल या जुन्या मोहल्ल्यांतील माणसें कोणत्याही वर्गांत शिकलेलीं नव्हतीं. आई ओट्यावर बोटांनीं ताल धरी, आजी लग्नांत चार पावलें टाकी, मामा गात असे. आणि मूल बोलायला लागावें तितक्या सहजपणें टाळ्या वाजवूं लागे. आज हे मोहल्ले पूर्वींसारखे भरलेले राहिले नाहींत. वर्ग मात्र भरलेले आहेत. वाड्यांत वाढलेली कला वर्गांत जगेल काय, आणि जगली तर तिच्यांतलें काय राहील व काय जाईल, हा प्रश्न त्या शहरापुढें उभा आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर फ्लामेंको म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घेतलें पाहिजे.

चित्रपटांमुळें फ्लामेंकोचें जें रूप लोकांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांत ठिपक्याठिपक्यांचा झालरदार घागरा, केसांत फूल आणि बोटांत खुळखुळणाऱ्या लांकडी चिपळ्या असतात. हें चित्र खोटें नाहीं, पण अपुरें आहे. फ्लामेंको हें केवळ नृत्य नव्हे. कान्ते म्हणजे गायन, तोके म्हणजे गिटारवादन व बाइले म्हणजे नृत्य अशीं त्याचीं तीन अंगें आहेत, आणि जाणकारांच्या मतें त्यांत पहिला मान गायनाचा. कांहीं अगदीं जुनीं गाणीं तर वाद्याशिवायच म्हटलीं जातात. मार्तिनेते या प्रकाराचें नांवच लोहाराच्या हातोड्यावरून पडलें आहे. या तीन अंगांखेरीज आणखी एक अंग आहे, तें बाहेरच्या माणसाच्या लक्षांत येत नाहीं. भोंवतीं बसलेल्या मंडळींच्या टाळ्या आणि त्यांचे उत्तेजनाचे उद्गार हें तें अंग होय. टाळ्यांना पाल्मास म्हणतात व उद्गारांना हालेओ. 'ओले' हा जगप्रसिद्ध उद्गार त्यांतलाच. भारतीय मैफलींतील 'वाहवा' आणि 'क्या बात है' यांचे हे स्पॅनिश भाईबंद आहेत. पण येथें एक भेद आहे. फ्लामेंकोंत ही दाद तालाच्या नेमक्या जागीं पडावी लागते. चुकीच्या मात्रेवर दिलेली शाबासकी ही शाबासकी नव्हे, तो व्यत्यय होय.

या कलेच्या जडणघडणींत हितानो लोकांचा वाटा फार मोठा आहे. हितानो म्हणजे स्पेनमधील रोमा अथवा जिप्सी. ते मिसर देशांतून आले अशी युरोपची जुनी समजूत होती, आणि हितानो हें नांवही मिसरच्याच नांवावरून पडलें. १४२५ सालीं आरागोनचा राजा पांचवा आल्फोन्सो यानें अशा एका टोळीच्या नायकास प्रवासाचा परवाना दिल्याची नोंद आहे. परंतु त्यांचें मूळ घर मिसर नव्हे, तें हिंदुस्थान होतें, हें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत भाषापंडितांनीं दाखवून दिलें. जर्मन पंडित रूडिगर याचा या विषयावरील निबंध १७८२ सालीं प्रसिद्ध झाला. रोमानी भाषेंतील अंक मराठी माणसानें नुसते ऐकले तरी त्याला दुसरा पुरावा नको. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज असे ते सुरू होतात, आणि दहाला देश म्हणतात. मधले सात, आठ व नऊ मात्र ग्रीक भाषेंतून घेतलेले आहेत. वाटेंत या लोकांचा मुक्काम कोठें झाला, तें त्यावरून कळतें. स्पेनमधील हितानोंची मूळ भाषा आज अखंड राहिली नाहीं. स्पॅनिश व्याकरणांत गुंफलेले तिचे शब्द तेवढे उरले आहेत. पण पाण्याला 'पान्यी' म्हणणारी माणसें त्या शब्दांत आपला हजार वर्षांचा प्रवास जपून आहेत.

ती भाषा नष्ट होण्याचें कारण केवळ काळ नव्हे, कायदाही आहे. १४९९ सालच्या राजाज्ञेनें हितानोंना ठरावीक मुदतींत एका जागीं स्थिर व्हावें, नाहीं तर देश सोडावा, असें फर्मावलें. १७४९ च्या जुलै महिन्यांत सहावा फर्नांदो याच्या कारकीर्दींत, एन्सेनादा या मंत्र्याच्या योजनेनुसार, साऱ्या देशांतील हितानोंची एकदम धरपकड झाली. हजारों माणसें पकडलीं गेलीं. पुरुषांना आरमाराच्या गोद्यांत सक्तमजुरीस पाठविलें आणि बायकामुलांना वेगळें कोंडून ठेवलें. पुढें १७८३ सालीं तिसऱ्या कार्लोसनें त्यांना हवा तो धंदा करण्याची व हवें तेथें राहण्याची मोकळीक दिली. पण आपली भाषा, आपला वेष व आपलें भटकें जीवन सोडावें, ही अट घातलीच. या साऱ्या काळांत सेव्हिलजवळील त्रियाना, हेरेस व कादिस या भागांत कांहीं हितानो कुटुंबें लोहारकाम, खाटिकखाना व शेतमजुरी अशा धंद्यांत स्थिरावलीं. शेजारीं आंदालुसियाचे इतर गरीब लोक होते. त्यांचीं लोकगीतें, जुने पोवाडे, अमेरिकेहून कादिस बंदरांत उतरणारे नवे ताल आणि हितानोंची गाण्याची स्वतःची ढब यांच्या मिश्रणांतून अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत फ्लामेंकोला आकार आला.

येथें एका लाडक्या समजुतीविषयीं सांगणें अवश्य आहे. कथक व फ्लामेंको या दोन्हींत पायांनीं ताल बोलका करतात, दोन्हींत गिरक्या आहेत, दोन्हींत वादकाशीं सवालजवाब चालतो. त्यावरून फ्लामेंको ही कथकाची मुलगी असें पुष्कळदां सांगितलें जातें. दोन्ही नृत्यें एका रंगमंचावर आणलीं कीं तें खरेंही वाटूं लागतें. परंतु रोमा लोकांनीं हिंदुस्थान सोडला तो सुमारें हजार वर्षांपूर्वीं, आणि कथकाचें आजचें दरबारी रूप लखनौ व जयपूरकडे बनलें तें त्यानंतर कित्येक शतकांनीं. फ्लामेंकोही अलीकडच्या दोन-अडीच शतकांतलें. तेव्हां आईमुलीचें नातें सिद्ध करणारा पुरावा नाहीं. दूरच्या दोन गांवांतील दोन माणसांचा स्वभाव जुळावा आणि त्यांचें गूळपीठ जमावें, तसें हें साम्य आहे. त्याचा आनंद घ्यावा. त्यावर वंशवृक्ष मात्र रचूं नये.

फ्लामेंकोचें मर्म कोम्पास नांवाच्या तालचक्रांत आहे. सोलेआ हा गंभीर प्रकार व बुलेरिया हा चपळ प्रकार, या दोन्हींत आवर्तन बारा मात्रांचें असतें. बारा मात्रा म्हटल्या कीं महाराष्ट्रांतील श्रोत्याला एकताल आठवतो. पण साम्य संख्येपुरतेंच आहे. एकतालाचे सहा विभाग दोनदोन मात्रांचे, म्हणजे सारखे असतात. सोलेआंत जोर पडतो तो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. बोटांवर मोजून पाहिल्यास असें दिसेल कीं, येथें तुकडे तीन, तीन, दोन, दोन, दोन असे विषम पडतात. आधीं दोन लांब ढांगा टाकाव्या आणि मग तीन आखूड, तशी ही चाल आहे, आणि तिच्यांतील ओढाताण या विषमतेंतून उत्पन्न होते.

दुसरा भेद याहून महत्त्वाचा आहे. हिंदुस्थानी संगीतांत सारी ओढ समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे असते. तिहाई फिरून फिरून समेवर येऊन पडते आणि श्रोत्यांच्या माना हलतात. फ्लामेंकोंत वाक्य पुरें होतें तें दहाव्या मात्रेवर. अकरावी मात्रा श्वासाची, आणि बाराव्या मात्रेवर पुढच्या वाक्याची चाहूल लागते. पुन्हां हेरेसच्या बुलेरियांत गाणारे व वाजविणारे पुष्कळदां बाराच्या पूर्ण आवर्तनाऐवजीं सहाच्या अर्ध्या आवर्तनावर चालतात, आणि गायक आपली ओळ अर्ध्यावरच उचलूं शकतो. त्यामुळें मनांतल्या मनांत बारापर्यंत आंकडे मोजीत बसलेला नवखा नर्तक हटकून फसतो. जो मोजतो तो चुकतो, आणि जो ऐकतो तो सांपडतो, असा हा ताल आहे.

तिसरा भेद असा कीं, येथें ठेका धरणारा तबलजी नसतो. आज मंचावर जी लांकडी पेटी बसून वाजवितात, ती पेरू देशांतली. पाको दे लुसिया या थोर गिटारवादकामुळें ती १९७० नंतरच्या दशकांत फ्लामेंकोंत आली. मूळच्या बैठकींत ताल धरतात ते भोंवतालच्या लोकांचे हात. टाळ्यांचेही दोन प्रकार आहेत. तळवे किंचित् पोकळ करून वाजविलेल्या दबक्या टाळ्या गाण्याच्या वेळीं चालतात, कारण त्या गळ्याला झांकीत नाहींत. बोटें तळव्यावर मारून काढलेल्या खणखणीत टाळ्या पायांच्या कामाच्या वेळीं लागतात. एकानें मात्रेवर वाजवावें आणि दुसऱ्यानें दोन मात्रांच्या मधोमध, म्हणजे टाळ्यांची एक वीण तयार होते. ही वीण एकट्याला विणतां येत नाहीं. गिटार एका माणसाजवळ असूं शकते, गळा एकाचा असूं शकतो. पण फ्लामेंकोचें तालवाद्य म्हणजे एक आख्खा शेजार असतो.

हेरेसचें खरें नृत्य या शेजाराच्या वर्तुळांत होतें. त्याला पाताइता म्हणतात. शब्दशः अर्थ, छोटीशी लाथ. आठदहा माणसें अर्धवर्तुळ करून उभीं असतात आणि टाळ्या चालू असतात. कोणी एक जण तीन-चार ओळींचें कडवें उचलतो. तेवढ्यांत वर्तुळांतून एक बाई पुढें येते. ती तरुण किंवा सडपातळ असली पाहिजे असें मुळींच नाहीं. उलट साठी उलटलेल्या स्थूल आजीबाईंची पाताइता हेरेसमध्यें अधिक मोलाची मानतात. गायक गात असतो तोंवर ती विशेष कांहीं करीत नाहीं. ताल अंगांत घेऊन नुसती डुलते, मनगटें फिरविते. गायकाची ओळ संपली कीं तिचें पाऊल एका नेमक्या आघातानें त्या ओळीला उत्तर देतें. याला रेमाते म्हणतात. पुन्हां ओळ, पुन्हां उत्तर. मग ती एक विशिष्ट पायखूण करते, तिला यामादा, म्हणजे हांक, असें नांव आहे. या हांकेनें गिटारवाल्याला व टाळ्या वाजविणाऱ्यांना कळतें कीं आतां ही समेटणार. शेवटचा आघात दहाव्या मात्रेवर पडतो, टाळ्या चढतात, आणि बाई ठुमकत ठुमकत आपल्या जागीं परत जाते. साऱ्याला एखादें मिनिट लागतें. पण त्या मिनिटांत तिनें गायकाची ओळ ऐकली, तिच्यांत ढवळाढवळ न करतां तिला साथ दिली, योग्य जागीं उत्तर दिलें आणि वेळ ओळखून निरोप घेतला. सुसंस्कृत संभाषणाचे सारे नियम या चार पावलांत सामावलेले आहेत.

हें सारें सान्तियागोच्या मुलाला कोणी समजावून सांगत नसे. त्या मोहल्ल्यांतील घरें मध्यें चौक आणि भोंवतीं खोल्या अशा घाटाचीं होतीं. पुण्याच्या जुन्या वाड्यांत जशीं अनेक बिऱ्हाडें एका चौकाभोंवतीं नांदत, तसेंच तें जीवन होतें. पाण्याची जागा एक, धुण्याची जागा एक, आणि बारसें किंवा लग्न असलें तर तें सगळ्यांचें. वर्षांतील कांहीं महिने हीं कुटुंबें शहराबाहेरच्या मोठमोठ्या शेतवाड्यांवर मजुरीला जात आणि तेथील सामाईक निवाऱ्यांत राहत. दिवसभर राबलेलीं माणसें रात्रीं शेकोटीभोंवतीं गात, आणि मुलें तें ऐकत ऐकत झोंपीं जात. मानुएल तोर्रे या सान मिगेलच्या गायकाचा जन्म १८७८ चा. ला पाकेरा या नांवानें गाजलेली गायिका १९३४ सालीं जन्मली, तीही सान मिगेलचीच. गिटारवादक मोराइतो चिको १९५६ सालीं सान्तियागोंत जन्मला. असे कलावंत एका शहराच्या दोन मोहल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या निपजले, याचें कारण पाणी किंवा रक्त नसून हा चौक होता.

कला चौकांतून बाहेर पडली कीं ती मरेल, ही भीति कांहीं आजची नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शहरांतून गायनाचीं उपाहारगृहें निघालीं. तेथें पैसे देऊन गाणें-नाचणें पाहतां येऊं लागलें. सिल्व्हेरिओ फ्रांकोनेत्ती हा त्या काळचा मोठा गायक. त्याचे वडील इटालियन होते आणि तो स्वतः हितानो नव्हता. सेव्हिलमधील त्याचें उपाहारगृह १८८१ सालीं सुरू झालें. त्याच सालीं आन्तोनियो माचादो इ आल्व्हारेस या लोकसाहित्याच्या अभ्यासकानें फ्लामेंको गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला. आणि या उपाहारगृहांमुळें हितानोंचें अस्सल गाणें बिघडून नाहींसें होईल, अशी चिंता त्यानें व्यक्त केली. पुढें चाळीस वर्षांनीं, १९२२ च्या जूनमध्यें, संगीतकार मानुएल दे फाया आणि तरुण कवि फेदेरिको गार्सिया लोर्का यांनीं ग्रानादा येथें आल्हाम्ब्रा राजवाड्याच्या परिसरांत गायनाची स्पर्धा भरविली. चिंता तीच होती. म्हणून एकवीस वर्षांवरील धंदेवाईक गायकांना त्या स्पर्धेंत प्रवेश नव्हता. बक्षीस मिळविणाऱ्यांत एल तेनासास नांवाचा एक म्हातारा होता आणि सुमारें बारा वर्षांचा मानोलो काराकोल होता. गमतीची गोष्ट अशी कीं, तो मुलगाच पुढें विसाव्या शतकांतील अत्यंत नामांकित धंदेवाईक गायकांपैकीं एक झाला.

यावरून दोन्ही वेळीं भीति फोल ठरली असें म्हणतां येईल. रंगमंचानें फ्लामेंकोला मारलें तर नाहींच, उलट गिटारवादन व पदन्यास यांची जी आश्चर्यकारक वाढ झाली, ती रंगमंचामुळेंच झाली. बार्सिलोनाच्या समुद्रकांठच्या झोंपड्यांत जन्मलेली कार्मेन आमाया हिनें पायांच्या कामांत असा वेग व असा जोर आणला कीं, तें पूर्वीं पुरुषांचें समजलें जाणारें काम स्त्रियांचेंही झालें. परंतु १८८१ आणि १९२२ या दोन्ही वेळीं एक गोष्ट शाबूत होती. उपाहारगृहांत कांहींही चालो, मागें चौक होता. कलावंत रात्रीं मंचावर नाचे आणि दुसऱ्या दिवशीं भाचीच्या बारशाला त्याच वर्तुळांत उभा राही. मंचावर लागलेली संवय तेथें धुऊन निघे. १९५० नंतर जें घडलें, तें निराळें आहे. या वेळीं चौकच मोडले.

त्याचें सर्वांत दुःखद उदाहरण त्रियानाचें. सेव्हिलच्या जुन्या शहरासमोर, नदीच्या पलीकडच्या तीरावर हें उपनगर आहे. तेथील कावा भागांत हितानोंच्या भट्ट्या व वाडे होते. सोलेआचे कित्येक ढंग त्रियानाच्या नांवानें ओळखले जातात. १९५० नंतरच्या वर्षांत हे वाडे रिकामे करण्यांत आले. जागेला भाव आला होता, घरें जीर्ण झालीं होतीं. आणि कुटुंबांना शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत इकडे तिकडे पांगविण्यांत आलें. पुढें त्यांतील पुष्कळ जण दक्षिणेकडील 'तीन हजार घरें' नांवाच्या वस्तींत जाऊन पडले. छप्पर मिळालें, पण शेजार सुटला. १९८३ सालीं त्रियानाचे ते पांगलेले म्हातारे-म्हाताऱ्या सेव्हिलच्या लोपे दे व्हेगा नाट्यगृहांत एका रात्रीपुरते एकत्र आले आणि आपल्या जुन्या रीतीनें गायले, नाचले. त्या रात्रीचें चित्रण रिकार्दो पाचोन यानें २०१३ सालीं आपल्या माहितीपटांतून लोकांपुढें आणलें. त्यांत दिसणारे नर्तक कोणत्याही शाळेचे नव्हेत. कोणी पोट सांवरीत, कोणी कोटाचें टोक धरून नाचतो. पण एकाची लकब दुसऱ्यासारखी नाहीं आणि एकाचाही ताल सुटत नाहीं. एका मोहल्ल्यानें काय गमावलें, तें समजण्यास तेवढें पुरे.

हेरेसवर एवढा मोठा आघात झाला नाहीं, तरी तेथेंही जुने वाडे पडीक झाले आणि सान्तियागोंतील पुष्कळ कुटुंबें नव्या इमारतींत राहावयास गेलीं. मजल्यावरच्या बंद दारांच्या घरांत चौक नसतो. तेव्हां वर्गाकडे पाहावयाचें तें या पार्श्वभूमीवर. वर्गानें वाडा मोडला नाहीं. वाडा मोडल्यावर वर्ग त्याच्या जागीं येऊं पाहत आहे.

वर्गाची उणीव कोठें आहे, हें आतां सहज कळेल. सामान्य वर्गांत समोर मोठा आरसा असतो. शिक्षिका आंकडे म्हणते, पावलें तुकड्यातुकड्यानें पाठ होतात, आणि ध्वनिमुद्रित गाणें लावून तीं म्हणून घेतलीं जातात. ध्वनिमुद्रित गायक रोज त्याच जागीं श्वास घेतो. त्याला उत्तर देण्यासाठीं ऐकावें लागत नाहीं, पाठांतर पुरतें. आठवड्याच्या अखेरीस विद्यार्थ्याजवळ एक नीटस नृत्यखंड जमा होतो. पण तो हेरेसच्या एखाद्या बैठकींत शिरला आणि गायकानें ओळ लांबविली किंवा अर्ध्या आवर्तनावर उचलली, कीं त्याचे पाय गाण्याच्या अंगावरून धांवत सुटतात. त्याला पावलें आलीं, संभाषण आलें नाहीं. शिवाय आरशाची संवय झालेला माणूस स्वतःकडे पाहतो. पाताइतांत पाहावें लागतें तें गायकाच्या तोंडाकडे.

परंतु ही उणीव हेरेसच्या चांगल्या शिक्षकांना इतरांहून अधिक कळते. कारण त्यांतील पुष्कळ जण स्वतः त्या वाड्यांतले आहेत. म्हणून ते वर्गांत जिवंत गायक व गिटारवादक आणून बसवितात. आधीं टाळ्या शिकवितात, मग पावलें. विद्यार्थ्यांचें अर्धवर्तुळ करून एकेकाला मध्यें बोलावितात, आणि गायकाला मुद्दाम सांगतात कीं ओळ दर वेळीं निराळी म्हण. या पद्धतींत वर्ग हा थोड्या वेळापुरता उभारलेला वाडाच होतो. त्यांतून गांवाचाही फायदा होतो. मैफलींचें उत्पन्न अनिश्चित असतें. शिकवणीचा पैसा हा कलावंतांना मोठा आधार आहे. आणि परक्या देशांतील माणसें आपल्या आजीची चाल शिकावयास येतात, हें पाहून घरच्या पोरांनाही तिची किंमत कळूं लागते.

दुसरीकडे गांवाचे स्वतःचे प्रयत्नही चालू आहेत. पेन्या नांवाचीं रसिकांचीं मंडळें आहेत; तेथें लहानशा जागेंत गाणें होतें आणि ऐकणाऱ्यांना ऐकतां येतें. १९६७ पासून बुलेरियाचा वेगळा उत्सव भरतो. नाताळापूर्वींच्या आठवड्यांत साम्बोम्बा होतात. मडक्याच्या तोंडाला कातडें ताणून त्यांत खोंवलेली काठी हातानें घाशीत घुमविण्याचें एक वाद्य आहे, त्याचें हें नांव. त्याच्या घुमण्यावर शेकोटीभोंवतीं सारे मिळून नाताळचीं गाणीं म्हणतात, आणि हेरेसमध्यें तीं गाणीं पुष्कळदां बुलेरियाच्या चालींत असतात. तेथें गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, असा भेदच नसतो. अलीकडे या कार्यक्रमांना प्रवाशांची गर्दी होते आणि वर्तुळांत बघे वाढतात, ही नवी अडचण आहे. तरी अजून पोरेंबाळें तेथें आजीच्या मांडीवर बसून टाळ्या वाजवितात, हें कमी नव्हे.

१६ नोव्हेंबर २०१० रोजीं युनेस्कोनें फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशांत स्थान दिलें. वारसा म्हटला कीं वारस कोण, हा प्रश्न येतोच. ही कला हितानोंचीच, असें कांहीं म्हणतात. साऱ्या आंदालुसियाची, असें दुसरे म्हणतात. सिल्व्हेरिओ हितानो नव्हता, पाको दे लुसियाही नव्हता. म्हणून रक्ताचा दाखला येथें चालत नाहीं. पण छळ सोसून, भाषा गमावून, ज्यांनीं ती घरांत जपली त्यांचें ऋण विसरून, तिच्यावर केवळ प्रवासी व्यवहाराची पाटी लावणें, हाही अन्यायच होय. या वादांत बुलेरियाचा स्वतःचा न्याय अधिक सरळ आहे. वर्तुळांत पाऊल टाकणाऱ्याला कोणी जात विचारीत नाहीं कीं गांव विचारीत नाहीं. तो गायकाला ऐकतो कीं नाहीं, एवढेंच पाहतात. ऐकत असला तर टाळ्या त्याला उचलून धरतात. ऐकत नसला तर त्या तशाच चालू राहतात, पण त्याच्यासाठीं नव्हे.

तेव्हां हेरेसच्या नृत्याचें भवितव्य रंगमंचावरील थोर नर्तकांवर तितकेंसें अवलंबून नाहीं; असे नर्तक स्पेनमध्यें पुढेंही निपजतील. तें अवलंबून आहे तें वर्तुळांत उभ्या राहणाऱ्या, नांव नसलेल्या माणसांवर. दबकी टाळी केव्हां व खणखणीत केव्हां, 'ओले' कोणत्या मात्रेवर आणि दुसऱ्याच्या ओळींत गप्प कसें राहावें, हें ज्यांना कळतें अशीं आठदहा माणसें एका गल्लींत सांपडतात तोंवर तेथें बुलेरिया जिवंत आहे. वर्गानें नवे नर्तक तयार करावेतच. पण त्यानें असे शेजारी तयार केले, तर वाड्याचें ऋण फिटेल.